पूडल-क्रॉस दत्तक घेताय? आधी केसांच्या आत हात घालून बघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, नऊ वर्षांची मुलगी आणि घरी सासूबाई. शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये त्यांनी साधारण पाच वर्षांची, साडेपाच किलोची, जर्दाळू रंगाची पूडल-क्रॉस कुत्री पाहिली. शिह त्झू या लांब केसांच्या छोट्या जातीशी संकर असावा, असा शेल्टरवाल्यांचा अंदाज. आणली तेव्हा अंगभर जट होती म्हणून सगळे केस काढावे लागले, आता पेरभर वाढलेत. मुलीला धुळीची ॲलर्जी आहे, पण 'पूडलचे केस गळत नाहीत, त्यामुळे चालेल' असं कोणीतरी सांगितलंय. घ्यावी का, आणि घेतली तर काय सांभाळायचं?

ताई, मी बावीस वर्षं पुण्यात लहान प्राण्यांची डॉक्टर आहे आणि त्यातली बरीच वर्षं शेल्टरमधून घरी जाणारी कुत्री तपासते आहे. मुलीच्या ॲलर्जीचा प्रश्न नीट सुटला तर माझं उत्तर 'घ्या' असंच आहे. पाच वर्षांची कुत्री तुमच्यासारख्या घराला पिल्लापेक्षा कितीतरी सोयीची. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. या कुत्र्यांच्या बाबतीत डोळे फसवतात. बाहेरून कापसाचा गोळा दिसतो आणि आत बरगड्या मोजता येतात. हसरा चेहरा दिसतो आणि केसांखाली कान वाहत असतो. जे काही खरं आहे ते हाताला कळतं. अडचण अशी की या केसांमुळे कुत्रीला जन्मभर रोज हात लावावा लागणार, आणि हेळसांड होऊन शेल्टरमध्ये आलेल्या कुत्रीला अनेकदा हाताचीच सगळ्यात जास्त भीती असते. या दोन गोष्टींचा मेळ बसला तर पुढचं सगळं जमतं.

तीन वर्षांपूर्वी तपकिरी रंगाचा असाच एक चार वर्षांचा क्रॉस एका कुटुंबानं नेला आणि सहाव्या दिवशी परत आणला. 'विंचरताना चावतो' एवढंच कारण. गुंगी देऊन तपासलं तेव्हा दिसलं की डाव्या कानाच्या पाळीवरचे केस एकमेकांत विणले जाऊन कानावर झाकण बसल्यासारखे झाले होते आणि आत पू होता. कंगवा तिथे लागला की त्याचा जीव कळवळत असणार. दत्तक देण्याआधीची तपासणी मीच केली होती. तो गुरगुरला, म्हणून मी कान वरवर पाहून सोडला होता. चूक माझी होती आणि भोगलं त्यानं. उपचार झाले, कान बरा झाला, तरी डोक्याकडे हात गेला की अंग चोरायचं हे त्याच्या डोक्यातून जायला आणखी चार महिने लागले. आज तो एका निवृत्त जोडप्याकडे आहे आणि कंगवा दिसला की स्वतःहून मांडीवर येऊन बसतो. तेव्हापासून मी एक नियम पाळते. कुत्रं जिथे हात लावू देत नाही, ती जागा पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवत नाही. तुम्हीही शेल्टरला हेच विचारा: 'हिला कुठे हात लावलेला चालत नाही, आणि ती जागा डॉक्टरांनी पाहिली आहे का?'

आता केसांचं. पूडल हे मुळात पाण्यात पडलेलं सावज काढून आणणारं कुत्रं. नावही जर्मन भाषेतल्या पाण्यात डुंबण्याच्या, पाणी उडवण्याच्या क्रियापदावरून आलंय. त्याचे केस गळत नाहीत असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. केस खूप काळ वाढत राहतात, आणि जे गळतात ते जमिनीवर न पडता कुरळ्या केसांतच अडकतात. सोफा स्वच्छ राहतो आणि कुत्रीच्या अंगावर गुंता होतो. २००९ साली कुत्र्यांच्या केसांवरचं एक मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. केसांची लांबी, कुरळेपणा आणि मिशा-भुवयांचे झुपके यांतली बरीचशी विविधता तीन जनुकांच्या जुळणीतून येते, असं त्यात दिसलं. संकरात ही जुळणी प्रत्येक पिल्लात वेगळी पडते. म्हणून एकाच वेतातलं एक पिल्लू मेंढीसारखं कुरळं तर दुसरं झिपरं निघतं. पूडल आणि शिह त्झूच्या संकरात पुष्कळदा मऊ, रेशमी, लाटांसारखे केस येतात. दिसायला ते सगळ्यात सुंदर आणि गुंत्याला सगळ्यात वाईट.

रोज दहा मिनिटं लागतील असं धरून चाला. वरून ब्रश फिरवून काही होत नाही. वरचा थर मोकळा दिसतो आणि कातडीलगत नमद्यासारखा थर जमत जातो. पद्धत अशी: एका हातानं केस वर धरायचे, खालून भांग पाडल्यासारखी एक ओळ मोकळी करायची, कातडी दिसली पाहिजे. मग स्लिकर ब्रशनं, म्हणजे बारीक वाकड्या तारांच्या ब्रशनं, ती ओळ सोडवायची, त्यावरून स्टीलचा कंगवा घालायचा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडखळला नाही की पुढची ओळ. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली गुंता आधी होतो, तेव्हा वेळ कमी असेल त्या दिवशी निदान एवढ्या जागा करा. अंघोळ घालायची ती विंचरून झाल्यावरच. गुंता भिजला की आवळून घट्ट बसतो. आणि घट्ट गाठ कात्रीनं कधीही कापू नका. कातडी त्या गाठीत वर ओढली गेलेली असते, दर महिन्याला एक तरी कुत्रं त्यामुळे टाके घालायला माझ्याकडे येतं. पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे न्यावं लागेल, हा खर्च कायमचा आहे. केस आखूड ठेवलेत तर काम निम्म्यानं हलकं होतं. ती अजिबात वाईट दिसत नाही आणि तिला स्वतःला तेच सुखाचं असतं. फक्त केस फार बारीक केले असतील तेव्हा एप्रिल-मेच्या उन्हात जपा, फिकट रंगाच्या कुत्र्यांची कातडी भाजते.

पट्ट्याबद्दल एक इशारा इथेच देते. केस वाढलेले असताना मापाचा घातलेला पट्टा केस कापल्यावर सैल होतो आणि कुत्री मान मागे घेऊन त्यातून सुटते. ग्रूमरच्या दारातून पळालेली अशी दोन कुत्री मी स्वतः शोधली आहेत. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीच जागा हवी, आणि प्रत्येक कटिंगनंतर ती पुन्हा तपासायची. फिरायला नेताना मात्र हार्नेसच वापरा. या लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला ओढ बसली की बदकासारखा खोकला सुरू होतो.

मुलीच्या ॲलर्जीबद्दल स्पष्ट बोलते, कारण इथे चुकीची आशा महागात पडते, आणि परत जावं लागलं तर ते कुत्रीला भोगावं लागतं. ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि अंगावरच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांची असते, त्यातलं मुख्य म्हणजे कॅन एफ १. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली 'ॲलर्जी न देणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींचे केस तपासले, त्यांत पूडलही होता. कॅन एफ १ त्यांच्यात कमी तर नव्हतंच, उलट इतर कुत्र्यांपेक्षा जास्त सापडलं. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेत घरांतली धूळ तपासली गेली, तिथेही अशा जातींच्या आणि बाकीच्या कुत्र्यांच्या घरांत फरक दिसला नाही. या समजुतीची सुरुवात कुठून झाली तेही ऐका. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन यांनी १९८९ साली लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रं हवं होतं आणि त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली, तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि त्या गृहस्थाला त्रास न देणारं निघालं एकच. सख्ख्या भावंडांत ही तऱ्हा. पुढे या संकरांची जी बाजारपेठ उभी राहिली तिच्याबद्दल कॉनरॉन यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली.

तेव्हा जात विसरा. ही एक कुत्री आणि तुमची एक मुलगी, एवढंच बघायचं. धुळीची ॲलर्जी म्हणजे कुत्र्याचीही असेलच असं नाही, पण अशा मुलांमध्ये शक्यता असते. आधी तिच्या डॉक्टरांकडून कुत्र्याच्या ॲलर्जीची चाचणी करून घ्या. दमा असेल किंवा कधी पंप लागला असेल, तर त्यांचा होकार येईपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका. चाचणी ठीक असेल तर तीन-चार वेगवेगळ्या दिवशी शेल्टरमध्ये प्रत्येकी तासभर मुलीला कुत्रीजवळ बसू द्या, हात चाटू द्या. त्यानंतर शेल्टरकडून ती फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, दोन-तीन आठवडे मागा. चांगली शेल्टर्स याला आनंदानं हो म्हणतात. आणि घरी आल्यावर कुत्री मुलीच्या खोलीत झोपणार नाही हे पहिल्या रात्रीपासून ठरलेलं असू द्या, नंतर बदलणं दोघींना जड जातं.

भेटीला जाल तेव्हा पिंजऱ्यासमोर उभं राहून ठरवू नका. मोकळ्या जागेत जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, आणि ती येईल तेव्हा येऊ दे. आली की डोक्यावर हात ठेवू नका, हनुवटीखाली किंवा छातीला चार-पाच सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. मग थांबा. ती अंग टेकते, हाताला नाक लावते, म्हणजे तिला आणखी हवंय. ओठ चाटते, जांभई देते, मान वळवते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, पंजा उचलते किंवा दगडासारखी स्थिर होते, म्हणजे पुरे झालं. ही शेवटची स्थिरता लोक 'किती शांत आहे' असं समजतात. शेल्टरमधल्या अनेक 'शांत' कुत्र्या खरं तर गोठलेल्या असतात. घरी दोन-तीन आठवड्यांत त्या मोकळ्या होतात आणि मग भुंकायला, उड्या मारायला लागतात. ती बिघडली असं तेव्हा समजू नका, ती तेव्हा कुठे तुम्हाला खरी दिसायला लागते.

तिला चालवून बघा. दोन पावलं नीट आणि तिसऱ्याला मागचा पाय उचलून उडी, असं होत असेल तर गुडघ्याची वाटी सरकते आहे. लहान जातींत हे फार दिसतं आणि सौम्य असेल तर वजन आटोक्यात ठेवून निभावतं, पण माहीत असायला हवं. सडं लांब लोंबती असतील आणि पुढचे दात झिजलेले असतील, तर तिच्याकडून वारंवार पिल्लं घेतली गेली असावीत आणि ती पिंजऱ्याच्या गजांना चावत राहिली असावी. अशा कुत्र्यांना जिना, मिक्सर, टीव्ही, कधीकधी गवतसुद्धा नवीन असतं. त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो, पण त्यांना नको म्हणू नका. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात प्रेमळ कुत्र्यांमध्ये अशा आया बऱ्याच आहेत. नसबंदी झाल्याचा कागद मागा, पोटावर किंवा कुशीवर टाक्यांची खूण असते. झाली नसेल तर लवकर करून घ्या, या वयाच्या मादीत गर्भाशयात पू होण्याचा धोका खरा असतो आणि तो जिवावर बेततो.

घेण्याआधी किंवा घेतल्याच्या आठवड्यात रक्त तपासा, आणि त्यात प्लेटलेट्स नक्की बघा. आपल्याकडे गोचीड ताप वर्षभर असतो. तपकिरी गोचीड एर्लिकिया पसरवते, शिवाय बबेसियाही आपल्याकडे सर्रास आढळतो, आणि दोन्ही रोग महिनोन् महिने अंगात दबून राहू शकतात. शेल्टर बदलण्याच्या ताणात ते वर येतात. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. कुरळ्या केसांत गोचीड दिसत नाही, तिथेही बोटंच कामाला येतात: कानाच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात रोज चाचपा. दातांवरचं कीटण, हृदयाचे ठोके, शिह त्झूकडून आलेले मोठे डोळे, हे डॉक्टर बघतीलच. रेबीजची लस आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात पसरणारा जिवाणूंचा आजार) एकत्रित लस दिल्याचं कार्ड ताब्यात घ्या, पावसाळ्याआधी लेप्टोचा डोस राहिलेला नसावा. घरात कोणालाही दात किंवा नख लागलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्रीची लस झालेली असली तरी.

घरी आणल्यावर पहिले तीन दिवस अंघोळ नको, कंगवा नको, पाहुणे तर नकोतच. शेल्टरमध्ये जे खात होती तेच द्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. चौथ्या दिवसापासून हाताचा सराव. खांद्याला एक बोट लावायचं, मग चण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊ दाखवून स्पर्श केला तर तिला खाऊच संशयास्पद वाटायला लागतो. खांदा, पाठ, मग कान, पंजे सगळ्यात शेवटी. नंतर नुसता कंगवा जमिनीवर ठेवायचा आणि तुकडा द्यायचा, मग कंगव्याची पाठ अंगाला लावायची, मग एक ओळ. सुरुवातीला अर्धं मिनिट पुरे. ती उठून गेली तर जाऊ द्या. गुरगुरली तर रागावू नका, हात काढा आणि उद्या त्याच्या एक पायरी आधीपासून सुरू करा. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. पेरभर केस आहेत हा तुमचा फायदा आहे. गुंता व्हायला अजून महिना-दीड महिना आहे, तेवढ्यात ती कंगव्याला सरावली पाहिजे.

ती सावलीसारखी मागे फिरेल, बाथरूमच्या दाराशी बसेल. सगळे म्हणतील, किती जीव लावला हिनं! पहिल्या दिवसांत ती भीती असते. त्यामुळे सासूबाई घरी असल्या तरी तिला एकटं राहायला शिकवा, अर्धं मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं, रोज थोडं थोडं. नाहीतर त्या देवळात गेल्या की सगळी सोसायटी तिचं रडणं ऐकेल. ही कुत्री डोक्यानं तल्लख असतात, जुन्या टॉवेलात चार दाणे गुंडाळून शोधायला दिले तरी ती दमतात.

सोसायटीबद्दल बऱ्याच जणांना धाकधूक असते. बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. महापालिकेचा परवाना मात्र काढा, त्यासाठी रेबीज लशीचं प्रमाणपत्र लागतं. आणि तुमच्या शेल्टरबाबत तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: 'रेस्क्यू' म्हणून एकदम चार-पाच पूडल-क्रॉस पिल्लं दाखवणारा, नसबंदीचं नाव न काढणारा, तुमचं घर न बघता 'देणगी' घेऊन कुत्रं घरपोच देणारा माणूस विक्रेता असतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तो यातून सुटण्यासाठी रेस्क्यूचा मुखवटा घालतो.

राहता राहिल्या सासूबाई. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख 'घरी असतात' एवढाच आहे. दिवसाचे नऊ तास ती कुत्री त्यांच्यासोबत असणार आहे, दुपारी जिना किंवा लिफ्टनं खाली त्याच नेणार किंवा नेणार नाहीत, आणि स्वयंपाकघरही त्यांचंच. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, चिंच घातलेली आमटी, हे कुत्र्याला विष ठरू शकतं. दिवाळीच्या तळणानं स्वादुपिंडाला सूज येते. अंगदुखीची माणसाची गोळी जमिनीवर पडली तर साडेपाच किलोच्या जिवाला एकच पुरते. हे सगळं तुम्ही ऑफिसात असताना त्यांना लक्षात ठेवायचं आहे. त्यांना मनापासून नको असेल तर ही कुत्री तुमच्या घरी येऊ नये, इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं. शनिवारी पुन्हा जाणार म्हणता ना, त्यांना सोबत न्या. खुर्ची टाकून बसवा, हातात चिकनचे चार तुकडे द्या, त्यांना चिकन चालत नसेल तर पनीरचे, आणि तुम्ही दोघं बाजूला व्हा. कुत्री त्यांच्या हाताजवळ कशी येते आणि त्यांचा हात तिच्याकडे कसा जातो, हे मला सोमवारी सांगा.